डावीकडची पाच बटणं

आई बँकेत गेली तेव्हा साडेदहा वाजले होते, आणि ती परत यायच्या आत मला तिचं घर भाड्याने द्यायचं पत्र लिहून संपवायचं होतं.

हे असं एका ओळीत लिहिलं की मी कैदाशीण वाटते. वाटू दे. त्या सकाळी मी स्वतःला फार समंजस मुलगी समजत होते, एवढं मात्र नोंदवून ठेवते.

बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. आई बडोद्यात, गोत्रीच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. मी पुण्यात, धाकटा भाऊ बंगळुरात. आदल्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही दोघांनी तिला समोर बसवून 'आता पुण्याला चल' म्हणून सांगितलं. तिने आमचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "ज्या दिवशी माझं काम मला जमणार नाही, त्या दिवशी मी आपणहून बॅग भरेन. तोवर हा विषय काढायचा नाही." आम्ही कबूल केलं. आई शब्दाची पक्की, त्यामुळे तो दिवस उजाडला की ती खरंच बॅग भरेल हे आम्हाला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं.

तिचं काम म्हणजे कागद. तिचे आजोबा बडोदा संस्थानच्या दफ्तरात होते आणि लहानपणी त्यांच्या शेजारी बसून ती मोडी वाचायला शिकली. पुढे एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली; मराठी, गुजराती, इंग्रजी, तिन्ही मशिनांवर दहा बोटांनी. निवृत्त झाल्यावर या दोन्ही विद्या एकत्र आल्या. बडोद्यात अजून कुणाकुणाच्या कपाटांतून संस्थानाच्या काळातले मोडी कागद निघतात, हद्दीचे, वाटणीचे, खरेदीचे, आणि भांडण कोर्टात गेलं की ते गुजरातीत करून लावावे लागतात. मग वकील आईकडे येतात. ती कागद वाचते, गुजरातीत उतरवते, टाइप करून देते. पुण्यात तिच्याकडे असले कागद घेऊन कोण येणार होतं? बडोदं सुटलं की काम सुटणार, आणि काम सुटल्यावर आई माझ्या दिवाणखान्यात बसून मोबाइलवर सुप्रभातची फुलं पाठवत राहणार, हे चित्र मलाही दिसत होतं.

तरी मी पत्र लिहायला बसले, कारण दोन दिवस घरात जे पाहत होते ते मला ठीक दिसत नव्हतं. आई पोळ्या करत नव्हती. शेजारच्या सोसायटीतल्या एका बेनकडून रोज रोटल्या यायच्या. शाक यायचं ते चिरलेलं, पिशवीतलं. जन्मभर साडी नेसलेली बाई गाऊनमध्ये वावरत होती. खांद्यावरची शाल काही केल्या उतरत नव्हती, आणि बडोद्यात नोव्हेंबरात भरदुपारी कसली आलीय थंडी! त्यात जूनमध्ये मी पाठवलेली कैरीच्या लोणच्याची बरणी फळीवर जशीच्या तशी होती, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. ते मला फार लागलं.

"आवडलं नाही का तुला?" मी विचारलं.

"खाईन की. घाई काय आहे?"

मी भावाला फोनवर सांगितलं की आईने हळूहळू सगळं सोडून दिलंय. तो म्हणाला, "मग वेळ आली, ताई." त्याच्याकडे भाडेकरू तयारच होता. सोसायटीच्या सेक्रेटरींना द्यायचं पत्र लिहून ठेव, आई हो म्हणाली की त्याच दिवशी देऊन टाकू, असं त्याने मला बजावलं. उंटावरून शेळ्या हाकायला तो लहानपणापासून हुशार.

मी आईला सरळ का विचारलं नाही? विचारलं होतं. स्टेशनवरून आल्या आल्या विचारलं, "तब्येत कशी आहे?" ती म्हणाली, "मजामां." बडोद्यात कुणीही 'केम छो' म्हटलं की 'मजामां' म्हणायचं असतं, पण आमच्या मराठी घरात या गुजराती शब्दाचा कायदा झालेला आहे. एकदा विचारायचं, 'मजामां' ऐकायचं आणि पुढे जायचं. दुसऱ्यांदा विचारलं की समोरच्याला खोटं पाडल्यासारखं होतं. बाबांना शेवटच्या वर्षात आम्ही सगळ्यांनी एकेकदाच विचारलं होतं.

तर त्या दिवशी आई हयातीचा दाखला द्यायला निघाली. पेन्शन चालू राहायला वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. आता ते घरबसल्या होतं, पण तिला स्वतः जाऊन खिडकीसमोर उभं राहायचं असतं. जाताना म्हणाली, "वाडीतल्या घराचा कागद एक वाजेपर्यंत वकिलांना पाठवायचाय. उद्या तारीख आहे. आठातलं दीड पान राहिलंय, आल्यावर करते. लॅपटॉप चालू आहे, तो तसाच राहू दे."

दार लागलं आणि मी लॅपटॉपपुढे बसले. माझा पुण्यालाच राहिला होता.

पत्र इंग्रजीत होतं. पहिल्याच शब्दाचं पहिलं अक्षर मोठं उमटेना. डावी शिफ्ट दाबून पाहिली, पुन्हा दाबली, काही नाही. उजवी चालत होती, म्हणून तिच्यावर भागवलं. दोन परिच्छेद झाले. मग एक परिच्छेद वर न्यायचा म्हणून तो निवडला आणि कंट्रोल धरून सी दाबलं, तर परिच्छेद गायब, त्या जागी नुसता एक सी. परत आणायला कंट्रोल आणि झेड दाबलं, तर सीपुढे झेड आला. उजवा कंट्रोल दाबून पाहिला तेव्हा पुढचा शब्द गुजरातीत उमटला. स्पेसबारच्या उजवीकडच्या ऑल्टला चुकून अंगठा लागला तर सगळी अक्षरं मोठी. कॅप्स लॉक मेलेलं, विंडोजचं बटण मेलेलं, डावा ऑल्ट मेलेला.

माझी नोकरीच ही आहे, हे सांगायला हवं. एका कंपनीच्या कॉम्प्युटर मदत विभागात मी वीस वर्षं काढली आहेत. रोज लोक फोनवर रडतात, मी त्यांची यंत्रं सरळ करते. नव्यांना शिकवताना मी दोन गोष्टी घोकून घेते. पहिली, हात लावण्याआधी माणसाला विचारा, यात तुम्ही शेवटचं काय बदललं होतं? दुसरी, काहीही काढण्याआधी जे आहे त्याचा फोटो घ्या. त्या सकाळी मी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. घड्याळात अकरा वाजत आले होते, आई केव्हाही दारात उभी राहील अशी धास्ती होती, आणि चोराच्या मनात चांदणं असल्यामुळे लिफ्टचा प्रत्येक आवाज मला तिचाच वाटत होता.

दोन्ही कागद जतन करून लॅपटॉप बंद केला, पुन्हा चालू केला. फरक नाही. बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड कपाटातून काढला, धूळ झटकली, जोडला. त्याच्यावरही तीच पाच बटणं मेलेली. म्हणजे बटणं खराब नव्हती, आतून कुणीतरी बंद केली होती. पडद्यावर दिसणारा कीबोर्ड उघडून एकेक बटण दाबत गेले. डावी शिफ्ट दाबली तर काहीच उजळत नव्हतं. उजवा ऑल्ट दाबला तर शिफ्ट उजळत होती. मला कामाचा आनंद चढायला लागला, लाजेची गोष्ट आहे पण खरी आहे. खालच्या कोपऱ्यात बारीक चिन्हांच्या गर्दीत बटणं बदलायचा एक छोटासा फुकट प्रोग्रॅम सापडला. उघडला. आत आठ ओळींची यादी होती. पाच ओळींत डावीकडची पाच बटणं बंद केलेली होती. उरलेल्या तिनांत उजवीकडचं काहीतरी इकडचं तिकडे केलेलं होतं, ते मी नीट वाचलंही नाही. आईने कुठल्यातरी जाहिरातीवर बोट ठेवलं असणार आणि हे घरात शिरलं असणार, असा निकाल मी देऊन टाकला. मोडी वाचणारी बाई असली तरी कॉम्प्युटरच्या बाबतीत म्हातारी ती म्हातारीच.

सगळं पूर्ववत करायचं का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग प्रोग्रॅमच काढून टाकला. सगळी बटणं शहाण्यासारखी वागायला लागली. मी पत्र झरझर पूर्ण केलं: घराच्या मालकीणबाई आता एकट्या राहण्यास असमर्थ असल्याने. पत्र तसंच खाली ठेवून दिलं आणि आईचा कागद पुन्हा उघडून वर ठेवला.

आई पावणेबाराला आली. "आहे हयात. लिहून दिलं त्यांनी," म्हणाली आणि पाणी प्यायली. मग लॅपटॉपकडे बघून थबकली. "तू वापरलास?"

"दुरुस्त केला. तुझी डावीकडची बटणं बंद पडली होती. कुणीतरी नको ते टाकून ठेवलं होतं आत, मी काढून टाकलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला हे मला दिसलं, पण मी कौतुकाची वाट पाहत होते. "बरं," ती म्हणाली. शाल सारखी केली, खुर्ची ओढली, मोडी कागद उजव्या बाजूला टेकवला आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले.

मी चहा टाकायला गेले होते. बाहेरून टायपिंगचा आवाज येईना. दोन ठोके, मग शांतता, मग पुन्हा दोन ठोके. लहानपणापासून आईच्या टायपिंगचा आवाज मला पावसासारखा एकसंध ठाऊक होता. मी दारातून डोकावले. पडद्यावर भलतीच अक्षरं उमटली होती, आई ती खोडत होती. मग आपोआप खालून मोठी यादी उघडली. तिने ती बंद केली. पुन्हा उघडली. तिच्या कानशिलावर घाम होता.

"काय झालं गं?"

"काही नाही. मजामां."

ती पुढचं अक्षर टाइप करायला गेली आणि पडद्यावरची साडेसहा पानं निळी होऊन एका क्षणात नाहीशी झाली. कोऱ्या पानावर एकच गुजराती अक्षर उरलं. मी धावले, तिच्या खांद्यावरून हात घालून कंट्रोल आणि झेड दाबलं. पानं परत आली.

आणि मग इतक्या जवळून मला तिचा डावा हात दिसला. शाल मागे सरकली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळून कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर पडली होती, कंट्रोलवर. ती त्यांना उचलत नव्हती. त्यांना उचलता येतच नव्हतं. दुसरी दोन बोटं मात्र जमेल तशी अक्षरांकडे जात होती, आणि प्रत्येक वेळी वळलेली बोटं खाली जे सापडेल ते दाबत होती, कधी कॅप्स, कधी शिफ्ट, कधी विंडोज.

डावीकडची पाच बटणं. जाहिरात नव्हती, चूक नव्हती. आईने ती स्वतः बंद केली होती.

रोटल्या, चिरलेलं शाक, गाऊन, शाल, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. दोन दिवस मी हेच पुरावे वेचत होते, आणि दिव्याखाली अंधार तो असा. मला स्वतःची शिसारी आली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वकील होते, काम कुठवर आलं ते विचारत होते. तिने उजव्या हाताने स्पीकर लावला.

"बेन, काम केटले आव्युं? एक वाग्या सुधी मळी जशे ने?"

"मळी जशे, भाई," आई म्हणाली. आवाज इतका सरळ की मी थक्क झाले. फोन ठेवला तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"आई, हाताला काय झालंय?"

"काही नाही, मजामां आहे."

"मी दुसऱ्यांदा विचारतेय," मी म्हटलं. "काय झालंय हाताला?"

कायदा मोडला गेला होता आणि तिला ते कळलं होतं. मग पडद्याकडे बघतच म्हणाली, "मार्चमध्ये झटका आला. छोटा. सकाळी उठले तर दोन बोटं आपली नव्हती. रिक्षा करून दवाखान्यात गेले. चार दिवस ठेवलं. औषध चालू आहे, दर महिन्याला दाखवते. व्यायाम करते."

"चार दिवस! आणि आम्हाला फोनवर काय सांगत होतीस?"

तेव्हा ती काय सांगत होती हे मला माहीत होतं.

मी चिडले. रडावं की ओरडावं कळेना, म्हणून ओरडले. हे असलं लपवतात का, तिथेच काही झालं असतं तर, आम्ही काय परके आहोत का. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ओरडून झालं की माझी बटणं परत दे."

मी म्हटलं, तू वाच, मी टाइप करते. ती म्हणाली, "तुला गुजराती एका बोटाने येतं. शिवाय माझं काम मला जमतं का, तेच बघायला आलीस ना? मग बघ."

मी तासाभरापूर्वी कचरा म्हणून फेकलेला प्रोग्रॅम पुन्हा उतरवून घेतला. यादी कोरी होती. डावीकडच्या पाच ओळी मला आठवत होत्या, उजवीकडच्या तीन नाही. फोटो नव्हता. आता विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि मी विचारत गेले. वीस वर्षं परक्यांना विचारत आले ते आईला पहिल्यांदा.

"मोठं अक्षर कशाने घेतेस?"

"अंगठ्याने. उजव्या ऑल्टवर शिफ्ट टाकली होती. उजवी शिफ्ट करंगळीला लांब पडते."

"कंट्रोल?"

"त्याच्या शेजारच्या बटणावर. ते कुणी वापरत नाही."

"आणि उजव्या कंट्रोलवर काय होतं?"

"भाषा बदलायची सोय. मराठी, गुजराती, इंग्रजी. एका ठोक्यात."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? वाचलं. एकेक बटण बंद केलं आणि बघितलं हात कुठे पडतो. तीन आठवडे लागले." तिने डाव्या हाताकडे पाहिलं. "दवाखान्यात मला एक जण म्हणाला, हा हात मांडीवर ठेवा आणि एकाच हाताने टाइप करा. टायपिस्टचा हात मांडीवर नसतो."

सात ओळी भरून झाल्या होत्या, फक्त डावा ऑल्ट राहिला होता. बसतंय का बघते म्हणून आईने कागदावर येऊन हद्दींचा तक्ता पुढे सरकवायला टॅब दाबला. वळलेली करंगळी ऑल्टवर होती. ऑल्ट आणि टॅब एकत्र दाबले की खाली ठेवलेलं दुसरं पान वर येतं, हे कुणीही सांगेल. माझं पत्र वर आलं.

मी हात पुढे केला, पण तिने उजव्या हाताने माझं मनगट धरलं. ती पत्र वाचू लागली. ती कागद कसा वाचते ते मी आयुष्यभर पाहत आले आहे. ओठ न हलवता, एकही शब्द न गाळता, तारखेपासून सहीपर्यंत. तसंच वाचलं. 'असमर्थ' या शब्दावर तिची नजर थोडी जास्त थांबली असं मला वाटलं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

"इंग्रजी चांगलं आहे," ती म्हणाली. "आता आठवी ओळ भर. बारा पंचवीस झालेत."

मी ती भरली. आई टाइप करू लागली. मी मागे उभी होते, आणि खरं सांगते, आयुष्यात इतक्या भीतीने मी दुसरं काही पाहिलेलं नाही. ते आवाज जुन्या पावसासारखे नव्हते. उजवा हात पळत होता, डावा मागून लंगडत येत होता, मधेच एक फट पडायची. वळलेली बोटं मेलेल्या बटणांवर आपटत होती आणि काही होत नव्हतं. पूर्वेस अमुक यांचे घर, पश्चिमेस गल्ली, मग विहीर. एका शब्दापाशी ती अडली, कागद उजेडाकडे धरला, परत ठेवला, पुढे गेली. माझ्या मनात एकच चाललं होतं: होऊ दे. जी बाई तिला न्यायला आली होती तीच उभी राहून 'होऊ दे, होऊ दे' म्हणत होती.

बारा अठ्ठेचाळीसला शेवटची ओळ झाली. मी म्हटलं, "पाठव आता."

"रुजुवात नको?"

रुजुवात म्हणजे नक्कल मुळाशी ताडून पाहायची. एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून जायचं. तिच्या आजोबांच्या दफ्तरात त्याशिवाय कागद बाहेर जात नसे, आणि आमच्या घरातून अजूनही जात नाही. लहानपणी आमच्या निबंधांचीसुद्धा रुजुवात व्हायची.

"अगं बारा मिनिटं राहिलीत!"

"आधीची पानं झाली आहेत. दीड पान आहे. बोट ठेव."

ती मूळ वाचत गेली, मी पडद्यावर बोट सरकवत गेले. विहिरीपाशी मी तिला थांबवलं. तिने 'दक्षिणेस' वाचलं होतं आणि पडद्यावर 'उत्तरेस' होतं. डाव्या हाताचा यात दोष नव्हता, घाईचा होता. तसंच गेलं असतं तर उद्या कोर्टात कुणाची तरी विहीर दुसऱ्याच्या अंगणात गेली असती. आईने दुरुस्त केलं. बारा सत्तावन्नला कागद गेला. तीन मिनिटांत वकिलांचं उत्तर आलं, मळी गयुं बेन, आभार. आई खुर्चीत मागे टेकली.

मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. माफ कर म्हणावंसं वाटत होतं, म्हटलंही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. डावा ठेवला. तो जड होता.

आम्ही ताटं वाढून घेतली तोच भावाचा फोन आला. मी स्पीकर लावला. "ताई, पत्र झालं का? आई कशी आहे?"

आई समोर बसली होती. मी तोंड उघडलं आणि माझ्या जिभेवर काय आलं असेल? म. मजामांचा म. तीन तासांपूर्वी मी तिची बॅग भरायला निघाले होते आणि आता तिच्यासाठी खोटं बोलायला निघाले. आईने उजवा हात पुढे करून फोन आपल्या ताटाजवळ ओढला.

"मी बोलतेय. कागद-पेन घे."

"आई? काय झालं?"

"घेतलंस? लिही. मार्चमध्ये मला छोटा झटका आला. डाव्या हाताची दोन बोटं काम करत नाहीत. औषध चालू आहे. लिहिलंस? पुढे. आज आठ पानांचा कागद एक वाजायच्या आत गेला. पुढे. घर भाड्याने द्यायचं नाही. पुढे. दर महिन्याला दवाखान्यात जाईन तेव्हा तुम्हा दोघांना कळवेन. काम जमेनासं झालं की तेही कळवेन. झालं?"

पलीकडे पेन अजून खरखरत होतं.

"आता रुजुवात दे," आई म्हणाली. "वाचून दाखव."

तो वाचू लागला. पहिल्याच ओळीत 'झटका' या शब्दाला त्याचा आवाज बसला. आई थांबली. घाई केली नाही. त्याने घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, शेवटपर्यंत. आई प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग उठून तिने फळीवरची बरणी एका हाताने कवटाळून आणली आणि माझ्या ताटाशी ठेवली.

"हिचं झाकण उघडून दे," ती म्हणाली. "जूनपासून खावंसं वाटतंय."